एकशे सत्तावीस घरांचा पट

१८७६च्या जानेवारीत पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एक टिपण आलं. पानं जेमतेम तीन. लिहिणारा एदुआर ल्युका, वय तेहेतीस, मध्य फ्रान्समधल्या मुलँ नावाच्या गावातल्या सरकारी शाळेत गणित शिकवणारा मास्तर. टिपणात इतर गोष्टींच्या गर्दीत एक दावा होता. २चा १२७वा घात घ्या, त्यातून १ वजा करा. जी संख्या उरते ती मूळ आहे. म्हणजे १ आणि ती स्वतः, एवढे दोन सोडले तर तिला कोणीही निःशेष भागत नाही. संख्या अशी:

१७,०१,४१,१८,३४,६०,४६,९२,३१,७३,१६,८७,३०,३७,१५,८८,४१,०५,७२७.

अंक एकोणचाळीस. आपल्याकडची जुनी मोजणी परार्धावर थांबते आणि परार्धाला अठरा अंक पुरतात. ही त्याच्या दुपटीच्याही पलीकडची. तोवर माणसाला माहीत असलेल्या सगळ्यात मोठ्या मूळ संख्या तेरा-चौदा अंकांच्या होत्या. विक्रम एका अंकाने, दोन अंकांनी पुढे सरकतो हे समजू शकतं. हा चौदावरून एकदम एकोणचाळीसवर गेला, तोही कसलंही यंत्र हाताशी नसताना. पुढची पंचाहत्तर वर्षं तो कोणाला मोडता आला नाही.

ल्युकाने ही संख्या हवेतून उचललेली नव्हती. तिचं नाव आधीच एका यादीत होतं आणि ती यादी तेव्हा दोनशे बत्तीस वर्षांची झाली होती.

यादी मॅरिन मर्सेन या पाद्र्याची. पॅरिसच्या मठात राहणारा हा गृहस्थ देकार्त, फर्मा, पास्काल, गॅलिलिओ अशा सगळ्यांशी पत्रव्यवहार ठेवून होता. विज्ञानाची नियतकालिकं निघायला अजून अवकाश होता; मर्सेनला कळवलं की युरोपला कळलं, असा मामला. १६४४च्या एका ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्याने लिहून टाकलं की २च्या घातातून १ वजा केल्यावर मूळ संख्या येते ती घातांक २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ असताना, आणि २५७पर्यंत दुसरा एकही घातांक चालत नाही. घातांक स्वतः मूळ असावा लागतो, पण तेवढ्याने भागत नाही. ११ मूळ आहे, तरी २चा ११वा घात उणे १ म्हणजे २०४७, आणि ती निघते २३ गुणिले ८९. या संख्यांचं आकर्षण युक्लिडपासूनचं. अशी प्रत्येक मूळ संख्या एका परिपूर्ण संख्येला जन्म देते. परिपूर्ण म्हणजे ६ किंवा २८सारखी, जिच्या स्वतःहून लहान विभाजकांची बेरीज तिच्याएवढीच भरते.

१९ पर्यंतचं ठीक, ते आधीच तपासलेलं होतं. पुढचं सगळं अंदाजपंचे. गंमत म्हणजे पंधरा-वीस अंकांची संख्या मूळ आहे का हे पाहायला सगळा काळही पुरणार नाही, हे याच मर्सेनने लिहून ठेवलं आहे. मग एकोणचाळीस अंकांच्या संख्येबद्दल एवढा ठामपणा कुठून आला? बहुधा घातांकांच्या ठेवणीवरून बांधलेला तो तर्क असावा. पुढे उघड झालं की यादीत दोन घातांक फुकट शिरले होते, ६७ आणि २५७. आणि तीन राहून गेले होते, ६१, ८९ आणि १०७. तरीही या जातीच्या संख्यांना नाव मर्सेनचंच मिळालं. चुकीच्या यादीने एवढं अमरत्व मिळवल्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही.

मर्सेननंतर सव्वाशे वर्षांनी ऑयलरने एक पायरी वर टाकली. सेंट पीटर्सबर्गमध्ये, दृष्टी जवळजवळ गेलेली असताना, १७७२मध्ये त्याने ३१ हा घातांक निकालात काढला: २,१४,७४,८३,६४७ मूळ आहे. आजच्या प्रोग्रॅमर मंडळींना हा आकडा पाठ असतो, कारण ३२ बिटांच्या (चिन्हासह) पूर्णांकाची कमाल मर्यादा तीच. ऑयलरची रीत भागून पाहण्याचीच, पण हुशारीने भागून पाहण्याची. अशा संख्येचा विभाजक वाटेल तो असू शकत नाही. घातांक ३१ असेल तर तो ६२च्या पटीपेक्षा १ने जास्त असावाच लागतो. ही आणि अशीच आणखी एक चाळणी लावली की तपासायचे उमेदवार मूठभर उरतात. १८११मध्ये पीटर बार्लो या इंग्रज गणित्याने लिहून टाकलं की या मूळ संख्येतून येणारी परिपूर्ण संख्या ही सापडलेली सर्वांत मोठी, आणि यापुढेही तीच राहील. केवळ कुतूहलापोटी, कसलाही उपयोग नसताना, इतकी उस्तवार पुन्हा कोण करणार?

बार्लोला हसणं सोपं आहे. पण ऑयलरची रीत डोळ्यांसमोर ठेवली तर त्याचा हिशेब बरोबर होता. ल्युकाच्या संख्येचं वर्गमूळ वीस अंकी. ऑयलरची चाळणी लावली, २५४च्या पटीपेक्षा १ने जास्त असलेलेच विभाजक तपासायचे ठरवले, आणि न जेवता न झोपता सेकंदाला एक भागाकार केला, तरी दीडशे कोटींहून अधिक वर्षं लागतील. भागून पाहण्याच्या वाटेने तिथे पोचता येत नाही. ल्युकाने ती वाट सोडली. माझ्या मते त्याची खरी कामगिरी ती आहे. एकोणचाळीस अंक हा तिचा पुरावा. इतकी शतकं प्रश्न असा विचारला जात होता: हिला कोण भागतं? त्याने विचारलं: ही मूळ असेल, तर दुसरीकडे कुठे त्याची खूण उमटेल?

ल्युकाचं शिक्षण उत्तम होतं, नोकरी मात्र मामुली. जन्म १८४२, आमियाँ गावचा. पॅरिसच्या नामवंत एकोल नॉर्मालमधून निघाल्यावर तो पॅरिसच्या वेधशाळेत ल व्हेरिएच्या हाताखाली लागला. नेपच्यूनची जागा कागदावर काढून दाखवणारा तो ल व्हेरिए. १८७०च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात ल्युका तोफखान्यात अधिकारी होता. युद्ध संपलं आणि त्याच्या वाट्याला आली शाळामास्तरकी, आधी मुलँ, मग पॅरिस. विद्यापीठाची खुर्ची त्याला कधी मिळाली नाही. फावल्या वेळात त्याला नाद होता एका मालिकेचा.

१, १, २, ३, ५, ८, १३, २१, ३४, ५५, ८९, १४४… प्रत्येक पद मागच्या दोन पदांची बेरीज. पिसाच्या लिओनार्दोने, म्हणजेच फिबोनाचीने, १२०२च्या ग्रंथात सशांच्या जोड्या मोजताना ही मांडली, म्हणून ल्युकाने तिला फिबोनाचीचं नाव दिलं आणि ते चिकटलं. आपल्याकडे हे आकडे छंदशास्त्रात त्याआधीच हजर होते. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन; तर चार मात्रांची जागा किती तऱ्हांनी भरता येते? पाच. पाच मात्रांची? आठ. विरहांकाने हे मांडलं होतं आणि ११५०च्या सुमारास हेमचंद्राने पुढचं पद मागच्या दोहोंच्या बेरजेने मिळतं हा नियम स्पष्ट सांगितला. ल्युकापर्यंत त्यातलं काही पोचलेलं नव्हतं. त्याला वृत्तांशी देणंघेणं नव्हतं आणि सशांशीही नाही. तो पाहत होता की या मालिकेत कोणती मूळ संख्या विभाजक म्हणून कुठे हजेरी लावते.

३ची पहिली हजेरी चौथ्या पदात. ७ची आठव्या पदात, कारण २१ला ७ने भाग जातो. ११ची दहाव्यात, ५५मध्ये. एकदा हजेरी लागली की त्या क्रमांकाच्या पटींनाच पुन्हा लागते, अधेमधे नाही. आणि पहिली हजेरी फार लांबतही नाही: कोणतीही मूळ संख्या स्वतःच्या पुढच्या क्रमांकापर्यंत आलेली असतेच. ७ने आठवं पद गाठलं. आठव्याच्या पुढे त्याला जाताच आलं नसतं.

आता एवढ्याच भांडवलावर ल्युकाची युक्ती पाहा. आपल्या एकोणचाळीस अंकी संख्येत १ मिळवला की होतो २चा निखळ १२७वा घात. समजा, फिबोनाची मालिकेतल्या त्या क्रमांकाच्या पदाला आपल्या संख्येने भाग जातो, पण त्याच्या बरोबर निम्म्या क्रमांकावरच्या पदात आपल्या संख्येचा कोणताही अंश नाही. आपल्या संख्येला भागणारी एखादी मूळ संख्या असेल, तर तिचीही हजेरी मोठ्या क्रमांकावर आहे, निम्म्यावर नाही. तिच्या पहिल्या हजेरीचा क्रमांक मोठ्या क्रमांकाला भागणारा हवा. पण २च्या घाताला भागणारे सगळे २चेच घात, आणि त्यातला स्वतः मोठा सोडला तर बाकी सगळे निम्म्याला भागतात. म्हणजे तिची पहिली हजेरी थेट त्या शेवटच्या क्रमांकावरच. आणि पहिली हजेरी स्वतःच्या पुढच्या क्रमांकापलीकडे जात नसेल, तर ही विभाजक संख्या निदान आपल्या मूळच्या संख्येएवढी मोठी असलीच पाहिजे. म्हणजे ती तीच. दुसरा विभाजक नाही, आणि एकाही विभाजकाने भागून पाहिलेलं नाही.

हे प्रथम कळतं तेव्हा माणूस थोडा वेळ गप्प बसतो.

इतक्या लांबच्या पदापर्यंत एकेक बेरीज करत जाणं अर्थातच अशक्य. पण क्रमांक दुप्पट करत जाण्याचा रस्ता सोपा आहे. ३पासून सुरुवात करा. वर्ग करा, २ वजा करा. ३, ७, ४७, २२०७… आणि दरवेळी आपल्या संख्येने भागून फक्त बाकी ठेवा. १२६व्या पायरीला बाकी शून्य आली, तर वरच्या दोन्ही अटी एकदम पुऱ्या होतात.

लहान घातांकावर हे हाताने करून पाहता येतं. २चा ७वा घात उणे १ म्हणजे १२७. योगायोग असा की आपल्या मोठ्या संख्येचा घातांकही १२७च. इथे सहाव्या पायरीला शून्य यायला हवं. ३, ७, ४७. मग २२०७, त्याला १२७ने भागल्यावर बाकी ४८. ४८चा वर्ग २३०४, उणे २ म्हणजे २३०२, बाकी १६. सोळाचा वर्ग २५६, उणे २ म्हणजे २५४; १२७च्या बरोबर दुप्पट. बाकी शून्य. १२७ मूळ आहे, आणि आपण तिला ना ३ने भागून पाहिलं ना ७ने.

मोठ्या संख्येसाठी अशा सव्वाशे पायऱ्या. पहिल्या सात-आठ फुकटात, पुढे मात्र प्रत्येक वेळी एकोणचाळीस अंकी संख्येचा वर्ग. एका वर्गाला अंकाअंकांचे पंधराशेवर गुणाकार; सगळे मिळून पावणेदोन लाखांच्या घरात. वर दरवेळी एक अजस्र भागाकार. दशमान पद्धतीने बसलो तर नाकी नऊ येतील. ल्युकाने यावर जो तोडगा मांडला तो एखाद्या बैठ्या खेळासारखा आहे, आणि तो त्याच्या स्वभावालाही धरून आहे. बुद्धिबळासारखा पट घ्या, पण १२७ घरं रुंद आणि १२७ घरं उंच. संख्या द्विमान पद्धतीत मांडा: १ असेल तिथे सोंगटी, ० असेल तिथे घर रिकामं. वर्ग करायचा म्हणजे तीच रांग वेगवेगळ्या घरांनी डावीकडे सरकवून एकाखाली एक मांडायची आणि बेरीज करायची. आणि भागाकार? तो करावाच लागत नाही. २चा १२७वा घात आपल्या संख्येपेक्षा फक्त १ने जास्त आहे, म्हणून पटाच्या डाव्या कडेवरून बाहेर पडणारी सोंगटी उजव्या कडेने परत आत आणायची. झाला भागाकार.

सात घरांच्या पटावर मघाचीच पायरी खेळून पाहा. घरांच्या किमती उजवीकडून १, २, ४, ८, १६, ३२, ६४. ४८ म्हणजे ३२ आणि १६च्या घरात एकेक सोंगटी. वर्ग करायला ही रांग एकदा पाच घरं सरकवायची (३२साठी), एकदा चार घरं (१६साठी). पाच घरं सरकली की दोन्ही सोंगट्या कडेबाहेर जाऊन उजवीकडून परततात आणि ८ व ४च्या घरात बसतात: १२. चार घरं सरकली तर ४ आणि २च्या घरात: ६. बेरीज १८, उणे २, उरले १६. पुढची खेळी आणखी छोटी. १६च्या घरातली एकुलती सोंगटी चार घरं सरकून २च्या घरात येते. दोनातून दोन गेले, पट रिकामा.

१२७ घरांच्या पटावर शेवटी पट असाच रिकामा होतो, हा ल्युकाचा दावा.

त्याच्या टिपणात आकडेमोड नव्हती, निकाल होता. शिवाय ज्या प्रमेयांवर हे सगळं उभं होतं, त्यांच्या त्याने दिलेल्या सिद्धता जागोजागी अपुऱ्या होत्या. १८७८मध्ये नव्याने निघालेल्या अमेरिकन जर्नल ऑफ मॅथेमॅटिक्समध्ये त्याने हा विषय विस्ताराने मांडला, पण तिथेही तो पुढच्या कल्पनेकडे धावण्याच्या घाईत दिसतो. म्हणजे जगाला ठाऊक असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या एका माणसाच्या शब्दावर मूळ होती. सव्वाशे पायऱ्यांत एक सोंगटी एक घर चुकली असती तरी शेवटी शून्य येण्याची शक्यता नगण्य. चुकलेल्या गणिताचं उत्तर सहसा काहीतरी अगडबंब येतं. त्यामुळे शून्य आलं हाच ल्युकाच्या बाजूचा साक्षीदार. उलट बाजूला हा दिलासा नसतो. त्याच पद्धतीने त्याने जाहीर केलं की घातांक ६७ची संख्या मूळ नाही, मर्सेन चुकला. शून्य आलं नाही म्हणून. पण ते संख्येमुळे आलं नाही की हातून काही चुकल्यामुळे, हे दुसऱ्याने कसं ओळखायचं? विभाजक कोणते, हे ही रीत सांगतच नाही.

त्याचं उत्तर १९०३च्या ऑक्टोबरात न्यू यॉर्कला अमेरिकन गणित संस्थेच्या बैठकीत मिळालं. फ्रँक नेल्सन कोल याने दाखवलं की २चा ६७वा घात उणे १ म्हणजे १९,३७,०७,७२१ गुणिले ७,६१,८३,८२,५७,२८७. तो फळ्यापाशी गेला, एका बाजूला घात मांडला, दुसऱ्या बाजूला गुणाकार केला, दोन्हीकडे तीच संख्या आली, आणि एक शब्दही न बोलता जागेवर जाऊन बसला, अशी कथा आहे. ती गणिती-लेखक एरिक टेंपल बेलने सांगितली आहे आणि बेलच्या हातून गोष्ट जरा रंगूनच बाहेर पडते. गुणाकार मात्र कोणीही ताडून पाहावा.

या काळात मर्सेनच्या यादीवर जगभरातून माणसं चालून गेली, आणि त्यातली बरीचशी गणिताच्या दरबारातली नव्हतीच. रशियात उरल भागातला पाद्री इव्हान पेर्वूशिन याने १८८३मध्ये घातांक ६१ मूळ संख्या देतो हे दाखवलं. लगेच काहींनी म्हणायला सुरुवात केली की मर्सेनने ६१च लिहिलं असणार, छापताना ६७ झालं. ॲलन कनिंगहॅम हा दिल्लीत जन्मलेला लष्करी इंजिनिअर, भारतीय पुरातत्त्व खात्याचे संस्थापक अलेक्झांडर कनिंगहॅम यांचा मुलगा. रुडकीच्या कॉलेजात शिकवून, गंगेच्या कालव्याच्या प्रवाहाची मापं घेऊन तो इंग्लंडला परतला आणि पुढचं आयुष्य त्याने असल्या संख्यांचे विभाजक खणण्यात घालवलं. १९११मध्ये ८९ हा घातांक काढणारा राल्फ पॉवर्स अमेरिकेतल्या एका रेल्वे कंपनीत नोकरीला होता. १९१४मध्ये १०७ही निघाला. पण ८९ आणि १०७ दोन्ही १२७पेक्षा लहान, त्यामुळे ल्युकाचा विक्रम जागचा हलला नाही. त्याच १९१४मध्ये फ्रान्सच्या फोकांबेर्गने १२७ची आकडेमोड नव्याने केली. शून्य आलं. एका माणसाच्या शब्दावर अडतीस वर्षं उभी असलेली संख्या आता दोघांच्या हिशेबावर उभी राहिली.

हे पाहायला ल्युका नव्हता. गणिताबाहेरच्या जगात तोवर त्याची ओळख एका खेळण्यामुळे झाली होती. १८८३मध्ये पॅरिसच्या दुकानांत तीन खुंट्यांचा, भोकं पाडलेल्या चकत्यांचा खेळ आला, ‘हनोईचा मनोरा’. पेटीवर कर्ता म्हणून सयामच्या एका प्राध्यापक क्लॉसचं नाव होतं. ‘आमियाँचा ल्युका’ हीच अक्षरं उलटसुलट करून बनवलेलं. खेळासोबत गोष्ट फिरली ती काशीची: देवळात हिऱ्याच्या तीन सुया, एकीवर सोन्याच्या चौसष्ट चकत्या, पुजारी अहोरात्र त्या हलवतायत, आणि सगळ्या दुसऱ्या सुईवर गेल्या की जग संपेल. काशीत असं काही नाही, हे सांगायला नको. पण त्या चकत्यांना लागणाऱ्या खेळ्या म्हणजे २चा ६४वा घात उणे १. सेकंदाला एक खेळी धरली तर ५८,००० कोटी वर्षांहून अधिक. मर्सेनच्या जातीची संख्या ल्युकाने पोरांच्या हातात दिली होती. १२७ चकत्यांचा मनोरा केला तर लागणाऱ्या खेळ्यांचा आकडा बरोबर आपली एकोणचाळीस अंकी संख्या.

सोंगट्यांचं काम यंत्राकडे द्यावं हेही त्याच्या मनात होतं. आंरी जनाय हा रेल्वेतला इंजिनिअर त्याचा साथीदार. १८९१मध्ये मार्सेयला फ्रेंच विज्ञान परिषदेचं अधिवेशन भरलं, तिथे जनायने मोठ्या मूळ संख्या पडताळण्यासाठी ‘अंकगणिती पियानो’ मांडला. त्याच अधिवेशनातल्या एका मेजवानीत वेटरच्या हातून ताटल्या निसटल्या, फुटक्या चिनी मातीचा तुकडा उडून ल्युकाच्या गालाला लागला. जखम चिघळली, विसर्प झाला आणि ३ ऑक्टोबर १८९१ला, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी तो गेला. पियानोचंही पुढे काही झालं नाही.

सिद्धतांमधली भगदाडं बुजवायचं काम अमेरिकेच्या डेरिक हेन्री लेमरने १९३०च्या दशकात केलं. त्याने सुरुवात ३ऐवजी ४ने केली (४, १४, १९४ आणि पुढे तसंच वर्ग उणे २), त्यामुळे २ सोडून प्रत्येक मूळ घातांकाला एकच चाचणी लागू झाली. आज तिला ल्युका-लेमर चाचणी म्हणतात. १९४७पर्यंत मर्सेनची सगळी यादी तपासून झाली.

मग १९५१ उजाडलं. फ्रान्सच्या फेरिएने हाताने फिरवायच्या गणकयंत्रावर एक चव्वेचाळीस अंकी मूळ संख्या सिद्ध केली, आणि त्याच वर्षी केंब्रिजला मिलर आणि व्हीलर यांनी एडसॅक या संगणकाला कामाला लावलं. संगणकाने दिलेली विक्रमी संख्या ७९ अंकांची: ल्युकाच्या संख्येचा वर्ग, गुणिले १८०, अधिक १. ही निवड भक्तिभावाने झालेली नव्हती. एखाद्या संख्येतून १ वजा केल्यावर जे उरतं त्याचे मूळ अवयव ठाऊक असतील, तर ती संख्या मूळ आहे हे सिद्ध करणं सोपं जातं. हेही ल्युकानेच दाखवलेलं. त्यामुळे संगणकाच्या या विक्रमालाही त्याचीच संख्या आणि त्याचीच रीत पायाला घेतली गेली.

३० जानेवारी १९५२ला लॉस एंजेलिसमध्ये स्वॅक या संगणकावर ल्युका-लेमर चाचणी चढवली गेली. प्रोग्रॅम लिहिला होता बर्कलीच्या राफाएल रॉबिन्सनने, यंत्र प्रत्यक्ष न पाहता, नुसत्या माहितीपुस्तिकेवरून. चालवून घेतला लेमरने. एकाच दिवसात दोन नव्या मर्सेन मूळ संख्या निघाल्या, घातांक ५२१ आणि ६०७. पहिलीचे अंक १५७. आत यंत्र करत होतं ते पटावरचंच काम: सरकव, बेरीज कर, कडेबाहेरचं आत घे, दोन वजा कर. तेव्हापासून मोठ्या मूळ संख्यांच्या शर्यतीत याच जातीची सद्दी आहे. २०२४च्या ऑक्टोबरात जाहीर झालेली सर्वांत मोठी, २चा १३,६२,७९,८४१वा घात उणे १, चार कोटी दहा लाखांहून अधिक अंकांची. तिची अखेरची खातरजमाही ल्युका-लेमर चाचणीनेच झाली. खुद्द १२७ची संख्या कामाला लागली आहे ती सांकेतिक लिपीत. २०१५मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी ‘फोरक्यू’ नावाची वेगवान पद्धत बांधली ती हिच्यावरच, आणि कारणही तेच जुनं, भागाकार फुकटात होतो.

एक धागा अजून लोंबकळतो आहे. १८७६मध्येच बेल्जियममधल्या कातालाँ याने, ल्युकाची बातमी आपल्या नियतकालिकात छापताना, एक गंमत टिपली. २पासून निघा. २चा वर्ग उणे १ म्हणजे ३. २चा ३रा घात उणे १ म्हणजे ७. ७ घातांक घेतला की १२७. १२७ घातांक घेतला की ल्युकाची संख्या. प्रत्येक पायरी मूळ. मग ल्युकाची संख्याच घातांक म्हणून घेतली तर? जी संख्या येईल तिच्या अंकांची नुसती गणती लिहायला अडतीस अंक लागतात. ती कागदावर किंवा संगणकात मांडणंच शक्य नाही, त्यामुळे ल्युकाची चाचणी तिच्यापुढे हतबल आहे. तिच्यासाठी लोक पुन्हा ऑयलरच्या वाटेला लागले आहेत: ल्युकाच्या संख्येच्या दुपटीच्या पटी घ्यायच्या, १ मिळवायचा आणि भाग जातो का पाहायचं. अजून एकानेही भाग गेलेला नाही.